जेवाले कोन देते?

आमच्या घरात नाटकाची गोष्ट धानाच्या बांधीपासून सुरू व्हायची. नट, पडदा, पेटी हे सगळं नंतर. आमचे आजोबा, आबाजी, आधी आठवायचे, की त्या साली हलकं धान कधी निघालं, रस्त्यालगतची कोणाची बांधी मोकळी होती, आणि त्या बांधीवाल्याचं मंडळाशी बोलणं होतं की अबोला. एवढं मार्गी लागल्याशिवाय ते 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या प्रवेशात शिरायचेच नाहीत. आम्हा पोरांना राजा पाहिजे असे, डोंबाघरचं पाणी भरणं पाहिजे असे. आबाजी मात्र बांधावर बसून.

बांधी लागायची, कारण नाट्यगृह खणून काढावं लागे. आमच्या झाडीपट्टीत, आरमोरीच्या आसपासच्या खेड्यांत तेव्हा बांधीच्या एका भागातली माती खणायची आणि उचलून एका टोकाला टाकायची, अशी रीत होती. माती टाकली तो रंगमंच, खणलं तिथे प्रेक्षक. खड्डा रंगमंचाकडे खोल आणि मागे उथळ होत जाई, म्हणजे मागच्याला पुढच्याच्या पागोट्यावरून राजाचं तोंड दिसे. मंचाची माती आधी पाणी मारून चोपायची, मग बायकांनी शेणानं सारवायची. चार दिवस वाळू द्यायची. सारवण कच्चं राहिलं तर नाचणाऱ्याच्या पायाला पोपडे लागतात आणि बसकण मारली की शालूला शेण. खड्ड्यात तणीस पसरायची. बाया एकीकडे, माणसं एकीकडे, मधे दोर. घरून बोरे, चटया, घोंगड्या आणायच्या, पौषाची थंडी असेल तर कडेला शेकोटी. या सगळ्याचं भाडं बांधीवाल्याला मिळत नसे. त्याला पहिल्या रांगेत जागा, आणि नाटकाच्या सुरुवातीला नारळ. पुढच्या पावसाळ्याआधी माती परत सारखी करून द्यायची हा बोलीचा भाग होता, आणि अबोल्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असे.

आबाजींच्या वडलांच्या वेळी मात्र नाटक नव्हतं, दंडार होती. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुणे, आणि रात्री दंडार नाहीतर खडीगंमत. खडीगंमतीत शाहीर आणि त्याचे साथीदार रात्रभर उभ्यानं गातात, गण, गवळण, लावणी, मधे हजरजबाबी टोमणे. दंडारीत गावचीच माणसं, गावचीच गाणी आणि गावचीच सोंगं. सलग कथा लावून केली तर ती परसंगी दंडार. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि या लोककलांवर आयुष्यभर लिहिलं, म्हणून आज ही नावं छापलेली तरी सापडतात. आबाजींकडे ती छापील नव्हती. त्यांच्याकडे त्यांची राधा होती.

म्हणजे ते स्वतःच राधा होत. मिसरूड फुटायच्या आधी ते दंडारीत गवळणीला उभे राहत. लुगडं वहिनीचं, बांगड्या वहिनीच्या, आणि एकदा बांगडी वाढवली म्हणून मारही वहिनीचाच. तोंडाला सफेदा लावायचा तो खोबरेल तेलात घोटून. आधी तेलाचा हात, मग सफेदा, मग गालाला हिंगूळ, भुवयांना काजळ. गॅसबत्तीच्या उजेडात हा चेहरा देवीच्या मुखवट्यासारखा उजळे, पण सकाळी उन्हात तोच पाहिला की कुत्री भुंकत. धुवायला बेसन आणि राख. आबाजी सांगत, "तोंड धुतलं तरी कानामागं दोन दिवस राधा राहे." त्या दोन दिवसांत पोट्टे काय काय म्हणत, ते ते सांगत नसत. आजी सांगे. नाच्याला टाळ्या मिळत, बक्षीस मिळे, आणि मुलगी मिळायला वेळ लागे.

याच्या पुढची गोष्ट आमच्या घरात दोन पाठांत आहे. आबाजींचा पाठ असा, की दंडार सुटून मंडळ नाटकं करू लागलं तेव्हा त्यांना तारामतीचं काम मिळालं. रोहिदासाला साप चावतो त्या प्रवेशात ते असे रडले की पाहुणे म्हणून आलेला एक म्हातारा खड्ड्यात उठून उभा राहिला आणि हुंदके देऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, तारामती कोण होती? तोच पुढे त्यांचा सासरा. आजीचा पाठ: तिचा बाप त्या रात्री पहिल्या अंकातच झोपला होता, सकाळी त्यानं फक्त बैल किती आहेत ते विचारलं. मला आजीचा पाठ खरा वाटतो, पण घरात सांगितला जातो तो आबाजींचा.

नाटक या मातीत एवढं का रुजलं, याला माझ्या मते कलेपेक्षा धान जास्त कारणीभूत आहे. इथलं पीक एक. कापणी, मळणी झाली की हातात वर्षाचा पैसा येतो आणि पुढे होळीपर्यंत शेतात फारसं काम नाही. मोहफूल, तेंदूपान पुढचं. मधले चार महिने सोयरेधायरे एकमेकांकडे जातात, लग्नं जुळतात, देणीघेणी होतात. या दिवसांना रात्रीचं एक निमित्त लागतं. शंकरपट असेल तर दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक, हे इथलं ठरलेलं जोडकाम. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, तेव्हा पटाच्या जोरावर होणारी नाटकंही अडखळली. 2021च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तशी बैलांबरोबर तीही परत आली.

दुसरं कारण रेल्वे. आरमोरी 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होती, मग मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात, 1982 पर्यंत चांद्यात आणि मग नव्या गडचिरोली जिल्ह्यात. आबाजी म्हणत, आम्ही जागेवरच बसलो होतो, राज्यं आली न गेली. या सगळ्या काळात बाहेरचं जग आमच्याकडे एकाच दारानं येई. ते दार म्हणजे वडसा, आरमोरीहून वीसेक किलोमीटर. गोंदिया ते चांदा या छोट्या लाइनवरचं स्टेशन. कंपन्यांच्या पेट्या, रंगवलेले पडदे, नागपूरची तबलजी मंडळी, छापील नाटकांच्या वह्या, सगळं तिथे उतरे. मालगुजारी 1951 मध्ये गेली, त्याआधी हौशी मालगुजार वाड्यावर खेळ लावत. नंतर गावांनी स्वतः मंडळं काढली. नाटकं कुठली? सुरुवातीला पुण्यामुंबईचीच. 1882चं 'सौभद्र', 1919चं 'एकच प्याला', पुढे अत्र्यांचं 'लग्नाची बेडी'. 'एकच प्याला'तला गडकऱ्यांचा दारुडा सुधाकर आमच्या मोहाच्या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या, दुःखाला बायकांच्या बाजूनं जो गलका उठे तो घराघरांतला होता. गडचिरोलीत दारूबंदी आली 1993 मध्ये, मोठ्या लोकचळवळीनंतर. त्यामागे नाटक होतं असं मी म्हणणार नाही. पण चळवळीतल्या बायांपैकी किती जणींनी खड्ड्यात बसून सुधाकराला शिव्या घातल्या असतील, याचा विचार मनात येतो खरा.

तालीम रात्री जेवणं झाल्यावर, मारुतीच्या देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत. हातात वही असलेला एकच माणूस, मास्तर. बाकीच्यांना तो वाचून दाखवी आणि ते कानानं उचलत. आरमोरी कोशाच्या कापडाची. आबाजींचे एक मित्र खड्ड्यातल्या मागावर बसत आणि दिवसभर धोट्याबरोबर भाषण म्हणत. पाय दाबला, धोटा गेला, एक वाक्य. हत्या ओढला, दुसरं वाक्य. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण स्वतःचं काम, समोरच्याचं काम आणि तारामतीचंही काम पाठ. अडचण एवढीच की त्यांच्या हरिश्चंद्राला मागाचा ठेका लागला. डोंबाशी बोलतानाही तो दर वाक्याला उजवा पाय दाबी. मास्तरनं बांधून ठेवतो म्हणून धमकावलं, तेव्हा कुठे पाय राहिला. खेळाच्या रात्री पेटीमास्तरानं मात्र तो ठेका ओळखला आणि त्यावरच तबला धरायला सांगितला. लोकांना वाटलं, नवी चाल आहे.

आणि त्या रात्री होणाऱ्या गोष्टी! गॅसबत्ती मंदावली की बत्तीवाला भर प्रवेशात मंचावर येई. राजा आणि राणीच्या मधून जाई, बत्ती उतरवी, पंप मारी, टांगी आणि निघून जाई. नट तेवढा वेळ हात उचललेला तसाच ठेवत. कोणी दोन रुपये बक्षीस पाठवलं की पेटी थांबे, नाव पुकारलं जाई, गाव पुकारलं जाई, मग मेलेला रोहिदास थोडा कूस बदलून घेई आणि शोक पुढे सुरू होई. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. ज्याचं नाव पुकारलं गेलं तो वर्षभर आपलं नाव ऐकल्याची गोष्ट सांगे. आजही तेच आहे, फक्त रक्कम वाढली आणि पुकारणाऱ्याच्या हातात माइक आला.

बायांची कामं बायांनी करायची, हे आमच्या गावात आलं तेव्हा मोठी वादावादी झाली. आबाजी अर्थातच विरोधात होते. शेवटी मंडळानं नागपूरहून एक बाई ठरवली. तिला आणायला वडशाला बंडी गेली. तिची गोष्ट मोठीमाय, म्हणजे आमची मोठी काकू, सांगते, कारण ती बाई उतरली आमच्याच घरी, आणि मोठीमाय तेव्हा नवी सून. बाईबरोबर तिची आई आणि एक तान्हं मूल. पहिल्या दिवशी शेजारच्या बाया कुडावरून पाहून गेल्या, बोलली एकही नाही. बाई दुपारभर झोपली, उठून तिनं मुलाला न्हाऊ घातलं आणि चुलीजवळ येऊन बसली. म्हणाली, तिखट थोडं कमी टाका, रात्री गळा लागतो. मोठीमाय म्हणते, तेवढ्यावरून तिला कळलं की ही कामाला आलेली बाई आहे. दुसऱ्या दिवशी शेजारणी दागिने पाहायला आल्या. खोटे आहेत म्हटल्यावर जास्तच निरखून पाहू लागल्या. रात्री बाई सुभद्रा झाली तेव्हा मूल मोठीमायच्या मांडीवर, पडद्यामागे. त्यामुळे घरी मुक्काम केलेल्या त्या नाटकाचा एकही प्रवेश मोठीमायनं पाहिलेला नाही. तिला ऐकू आला तेवढाच.

दोन हिवाळ्यांमागे पुण्याची भाची आली होती. तिच्या लॅपटॉपवर 'स्मॅश' नावाची अमेरिकन मालिका सुरू होती. एनबीसी वाहिनीची, 2012 आणि 2013 अशी दोन पर्वं चाललेली. न्यूयॉर्कमध्ये मर्लिन मन्रोवर एक संगीत-नृत्याचं नाटक बसवतात, त्याच्या तालमी, गाणी रचणारे, पैसे लावणारी बाई, आणि मुख्य भूमिकेसाठी दोन मुलींची चढाओढ. मोठीमाय शेजारी तांदूळ निवडत होती. भाषा कळत नव्हती, पण तालीम म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ पाहिलं. नाच आवडला. मग मला म्हणाली, "हे पोरी दिवसभर नाचून रायल्या बापू, पन त्यायले जेवाले कोन देते?"

भाची हसली. मी हसलो नाही, कारण आबाजींची बांधी एकदम लक्षात आली. नाटक कसं उभं राहतं हे सांगायला बसलेली पडद्यावरची माणसं बहुतेक वेळा एकाच प्रश्नाला चिकटतात, मुख्य काम कोणाला मिळणार. 'नटरंग' चित्रपटही शेवटी एकट्या गुणाच्या हट्टाची आणि मोडण्याची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट मला फार आवडते. आमच्याच झाडीपट्टीच्या नाट्यधंद्यावर तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' 2022 मध्ये आला. इथली माणसं, इथली बोली आणि कंपन्यांमधली रस्सीखेच मोठ्या पडद्यावर पाहून वडशा-आरमोरीच्या लोकांनी स्वतःला ओळखलं. आमच्याकडेही चढाओढ आहेच. पोस्टरवर कोणाचा फोटो मोठा, यावरून ऐन हंगामात कंपन्या फुटतात. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत हे कुठे नाही. त्यांच्या गोष्टींत पात्रं म्हणजे बांधीवाला, बत्तीवाला, बंडीवाला, तिकिटाच्या दारावर बसवलेला सगळ्यात भांडखोर पोट्टा आणि चुलीजवळची सून. खेळ पडला तर तो नायिकेमुळे पडला, असं कोणी सांगत नाही. पडला तो पावसानं.

असा एक खेळ पडला होता. अवकाळी पावसाची सर आली आणि खणलेला खड्डा तो, भरला. तणीस तरंगली. लोक मंचावर चढले, मंचाची माती बसली, पडदा ओला होऊन त्यावरचा राजवाडा खाली ओघळला. तिकिटाचे पैसे परत मागायला मात्र कोणी आलं नाही, कारण अर्ध्या लोकांनी तिकीट काढलंच नव्हतं. मंडळाच्या डोक्यावर कर्ज राहिलं. ते फेडायला पुढच्या साली परत नाटकच लावलं. नफा झाला की देवळाचा कळस नाहीतर शाळेची खोली, तोटा झाला की अजून एक नाटक, हा आमच्या मंडळाचा साधा हिशेब. सावकाराला तो पटत नसे. पण तोही पहिल्या रांगेत बसे.

आता खड्डे कोणी खणत नाही. मंच, पडदे, दिवे, आवाज, नट सगळं वडशाहून ट्रकनं येतं. दिवाळीपासून वडशात कंपन्यांची कार्यालयं उघडतात, दारावर फलक लागतात आणि नागपूर-मुंबईचे कलावंत खोल्या घेऊन हंगामभर राहतात. दिवसा झोप, संध्याकाळी गाडी, रात्री दहा-अकराला पडदा, पहाटे समाप्ती, परत गाडी. नाटकंही आता बहुतेक इथेच लिहिली जातात आणि नावं अशी असतात की एसटीतला माणूस मान वळवून पोस्टर वाचतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. शेतकरी माणूस, पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या भागात प्रत्येक गावानं सांगितलं, ते आमच्याकडे खेळून गेले आहेत. आणि बहुधा ते खरंही होतं.

शहरातले माझे मित्र एकदा इथलं नाटक पाहायला आले. कथा गंभीर, आई मरणाला टेकलेली, आणि मधेच पडदा पडून झगमग दिव्यांत लावणी. ऑक्टोपॅड घुमतोय, पोट्टे शिट्ट्या मारताहेत. मित्रांना ते खटकलं. मलाही खटकतं, विशेषतः लावणी लांबली की. पण मग आबाजींची राधा आठवते. तीही कथा थांबवूनच नाचे, आणि तिलाही शिट्ट्याच पडत. पैसा देणाऱ्या गावाला रात्रभर जागं ठेवायचं असेल तर रडवून भागत नाही. रडून माणूस झोपतो, हे आमच्या सगळ्या मास्तरांना ठाऊक होतं. कोविडच्या हंगामात खेळ बंद पडले, तेव्हा मोबाइलवर जुनी नाटकं फिरत होती. मोठीमाय ती पाही. लावण्या पुढे ढकलता येतात हे नातवानं शिकवलं होतं, पण तिनं कधी ढकलल्या नाहीत.

यंदा मंडळाची सूत्रं पुतण्याकडे आहेत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मागायला तो उशिरा गेला आणि ती शेजारच्या गावानं आधीच उचलली होती. त्यांच्याकडे मालिकेतला नट येणार म्हणून बोलबाला. आम्हाला मिळाली पुढच्या आठवड्यातली. बयाणा दिला, पोस्टर छापून आलं, त्यात आमच्या मंडळाच्या नावातला एक काना गाळलेला. पुतण्यानं केटरर सुचवला तेव्हा मोठीमायनं त्याला असं काही सुनावलं की आता तीस माणसांचं जेवण घरीच आहे. तांदूळ जुना, भाजी लाखोरीची, वडे उडदाचे, आणि गाणाऱ्यांसाठी तिखट कमी.

सध्या तिचं काम आमंत्रणांचं आहे. ती नावं सांगते, मी फोन लावतो. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला एक स्थळ आहे, पुतणीसाठी. मुलाकडच्यांना 'नाटक पाह्याले या' असं सांगितलं आहे. त्याचा अर्थ दोन्ही घरांना कळतो. रीतीप्रमाणे ते संध्याकाळी येतील, चहा-पोहे होतील आणि मुलगी दिसली की जेवून परत जातील, असा माझा अंदाज होता. मी मोठीमायला तसं म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या पुतणीलाच विचार. पुतणी हिशेबाची वही घेऊन ओसरीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काका, त्यायले लावणी संपेपर्यंत बसवा. पोरगा कसा हाये ते मले तेव्हाच पाह्याचं हाये."